धूळ पुसताना आजार पुसला जाऊ नये

नातवंडाला जन्मापासून बारमाही सर्दी आणि ओला खोकला असेल, कान वारंवार फुटत असेल, किंवा घरातल्या एखाद्या प्रौढाची छाती वर्षानुवर्षे कफाने भरलेली राहत असेल, तर श्वसनरोगतज्ज्ञ क्वचित एक वेगळी तपासणी सुचवतात. नाकात बारीक ब्रश फिरवून थोड्या पेशी घेतल्या जातात आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे अतिवेगवान चित्रीकरण होते. निदानाचा बराच भार या चित्रफितीवर असतो. म्हणून ती 'स्वच्छ' कशी केली जाते, हे आपणही जाणून घ्यावे.

आपल्या श्वसनमार्गातील पेशींवर केसांसारखे अतिसूक्ष्म तंतू असतात. त्यांना पक्ष्माभिका किंवा सिलिया म्हणतात. एकेका पेशीवर असे सुमारे २०० तंतू असून प्रत्येकाची लांबी जेमतेम सहा-सात मायक्रोमीटर असते. उभ्या पिकावरून वाऱ्याची लहर जावी, तसे ते सेकंदाला साधारण १० ते १५ वेळा लयीत हलतात आणि धूळ व जंतू अडकलेला कफ घशाकडे लोटतात. सेकंदाला २५ चित्रे टिपणाऱ्या साध्या कॅमेऱ्याला एका हेलकाव्याची दोनच चित्रे मिळतील. त्यामुळे येथे सेकंदाला सुमारे ५०० चित्रे घेतात आणि ती संथ गतीने पाहतात.

या वेगाची किंमत मोजावी लागते. प्रत्येक चित्राच्या वाट्याला क्षणभरही प्रकाश येत नाही, म्हणून चित्र रवाळ दिसते. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. तिच्यावर थेट चालणारा दिवा सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतो. डोळ्यांना ते जाणवत नाही, कॅमेऱ्याला जाणवते. भिंगावरचा धुळीचा कण प्रत्येक चित्रात डाग बनून बसतो. द्रवात तरंगणारी पेशी स्वतःच डोलते, ते निराळेच.

यावर संगणकीय उपाय आहेत. सर्व चित्रांची उजळणी सारखी केली की दिव्याची लुकलुक जाते. प्रत्येक चित्र किंचित सरकवून आधीच्या चित्राशी जुळवले की पेशीचे डोलणे थांबते. धुळीवरचा उपाय तर फारच चतुर आहे. सर्व चित्रांची सरासरी काढली की हलणारे तंतू पुसट होतात, जागचा न हलणारा डाग मात्र ठळक उमटतो. ही सरासरी प्रत्येक चित्रातून वजा केली की डाग नाहीसा होतो आणि केवळ हालचाल उरते.

खरी मेख इथेच आहे. 'जे हलत नाही ते मळ', असा या रीतीचा नियम. पण काही रुग्णांच्या पक्ष्माभिका मुळीच हलत नाहीत! १९७६ मध्ये स्वीडनचे संशोधक ब्यॉर्न आफ्झेलियस यांनी अशा निश्चल पक्ष्माभिकांमुळे होणाऱ्या आजाराचे वर्णन केले. आज या जन्मजात विकारसमूहाला 'पीसीडी' म्हणतात. अशा रुग्णाच्या चित्रफितीतून सरासरी वजा केली, तर धुळीबरोबर आजारही पुसला जातो. रवाळपणा घालवण्यासाठी लागोपाठची चित्रे एकमेकांत मिसळली, तर निरोगी हेलकावाही बोथट दिसू शकतो. म्हणून जाणत्या तज्ज्ञाने मूळ चित्रफीतही पाहिलीच पाहिजे; केवळ स्वच्छ केलेल्या फितीवरून काढलेल्या आकड्यावर विसंबणे मला तरी धोक्याचे वाटते.

काही दोष तर संगणकाला घालवताच येत नाहीत. नुकत्याच झालेल्या सर्दीने पक्ष्माभिका झडतात, मंदावतात, आणि चित्र हुबेहूब जन्मजात विकारासारखे दिसू शकते. म्हणून संसर्ग बरा झाल्यावर सहसा चार ते सहा आठवडे थांबून नमुना घेतात. दूरच्या गावाहून आलो, तारीख मिळायला महिने लागले, म्हणून मुलाचा परवाचा ताप डॉक्टरांपासून दडवू नका. नाकात घालायची औषधे चालू असतील तर तीही सांगा. (धूम्रपानाने किंवा चुलीच्या धुराने आलेल्या वृद्धांच्या खोकल्यासाठी ही तपासणी सहसा लागत नाही.)

एवढ्यावरच निदानाचा शिक्का बसत नाही. नाकातील नायट्रिक ऑक्साइडचे मोजमाप, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आणि जनुकीय चाचणी यांचीही जोड द्यावी लागते. पुन्हा नमुना मागितला तर वैतागू नका. शंका उरल्यास काही प्रयोगशाळा त्याच पेशी काही आठवडे वाढवतात आणि नव्याने उगवलेल्या पक्ष्माभिकांचे पुन्हा चित्रीकरण करतात. संसर्गाने आलेला दोष त्यांत सहसा दिसत नाही. जन्मजात दोष मात्र तसाच राहतो.