काचेच्या टाकीतला झिंगा : विकण्याआधी हे सांगा

अर्जुनी मोरगाव हा तलावांचा तालुका. नवेगावबांध, इटियाडोह आणि गावोगावचे मामा तलाव यांमुळे झिंगा इथे कुणाला नवा नाही. मात्र घरात शोभेसाठी पाळतात तो लाल ‘चेरी’ झिंगा वेगळा. मूळ तैवान-चीनकडचा, जेमतेम इंच-सव्वा इंच लांब. खाण्याच्या मोठ्या झिंग्याच्या पिलांना आधी निमखारे पाणी लागते. याची पिल्ले गोड्या पाण्यातच वाढतात. म्हणून घरच्या घरी पैदास होते.

टाकी बनवणाऱ्या कारागिराने व दुकानदार बंधूंनी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली, तांबे. तांब्याच्या भांड्यातले पाणी किंवा तांबेयुक्त मासळीचे औषध झिंग्याला विषच. नळाच्या पाण्यातले क्लोरीनही घालवून घ्यावे.

दुसरी, घाई. नव्या टाकीत चिमूट-चिमूट खाद्य टाकून तीन-चार आठवडे स्पंजचा फिल्टर चालवावा. घाण पचवणारे जिवाणू तयार झाले की मगच झिंगे सोडावेत. स्पंजमुळे पिल्लेही ओढली जात नाहीत.

तिसरी, उन्हाळा. पाणी 28 अंशांपुढे तापले की त्यातला प्राणवायू घटतो, झिंगे दगावतात. टाकी सावलीत ठेवून पाण्यावर पंख्याचा वारा सोडावा.

टाकीत पांढरे कवच तरंगले तर गिऱ्हाईक झिंगा मेला समजून भांडायला येते. ती बहुधा टाकलेली कात असते. तशीच राहू द्यावी, झिंगे ती खातात. नकोसे झिंगे मात्र तलावात सोडू नयेत. तिथे ढिवर बांधवांची रोजी आहे.

एवढे आधीच सांगणाऱ्याकडे गिऱ्हाईक पुन्हा येते.