अंतराळातले उंदीर आणि हाडांचा हिशेब

श्रोतेहो, आमचे शिक्षण सातवीत सुटले. पुढचे वाचन युनियनच्या कचेरीत झाले. तेव्हा हाडांच्या शास्त्रावर आम्ही बोलावे याचे कोणाला हसू आले तर खुशाल हसावे. पण हाड आणि ओझे यांचे नाते, हमालांत तीस वर्षे वावरलेल्या माणसाला अगदीच परके नाही.

हाड म्हणजे वाळलेले लाकूड नव्हे. त्यात दोन पाळ्या अखंड चालू असतात. एका पाळीच्या पेशी जुने हाड पोखरतात, दुसरीच्या नवे भरतात. अंगावर भार असला की हिशेब जुळतो. भार गेला की भरणारी पाळी मंदावते, पोखरणारी मात्र थांबत नाही. अंतराळात पुरेसा व्यायाम नसेल तर माणसाच्या खुब्याच्या हाडातले खनिज महिन्याला शेकडा एक ते दीड घटते.

१९७५ साली सोव्हिएत 'कॉसमॉस ७८२' उपग्रहातून उंदीर साडेएकोणीस दिवस फिरवून आणले. त्यांच्यात नवे हाड बनणे मंदावलेले आढळले. पण ते कळले उंदीर मारून, हाडे कापून पाहिल्यावर. मग जमिनीवर ठेवलेल्या दुसऱ्याच उंदरांशी ताडायचे. हजेरीपटात एकाच दिवसाची नोंद असावी आणि तीवरून महिन्याचा पगार ठरवावा, तसला हा प्रकार. अशा हिशेबांवर आम्ही पुष्कळ भांडलो आहोत!

सप्टेंबर २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर उंदरांची हाडे मोजणारे क्ष-किरण यंत्र पोहोचले. तराजू तिथे निकामी, म्हणून युक्ती निराळी. बेशुद्ध केलेल्या उंदरातून कमी आणि जास्त जोराचे असे दोन प्रकारचे किरण सोडतात. कमी जोराचे किरण हाडातल्या कॅल्शियमपाशी फार अडतात, जास्त जोराचे बरेचसे पार होतात. दोहोंतल्या तफावतीवरून मांसाचा वाटा वजा करायचा, की दर चौरस सेंटिमीटरला खनिज किती ते उरते. उंदीर शुद्धीवर येतो आणि पुढे पुन्हा मोजता येतो. त्याचा आकडा त्याच्याच मागच्या आकड्याशी ताडायचा.

२०१७ साली चाळीस उंदीर वर पाठवून, 'नेल-१' या प्रथिनापासून केलेल्या औषधाने भरणारी पाळी जोर धरते का ते पाहिले. धरते, असे २०२३ साली प्रसिद्ध झाले.

हीच दुहेरी किरणांची तपासणी आपल्या शहरांतल्या इस्पितळांतही होते. आमच्या आईचा खुबा न्हाणीत पाय घसरून मोडला तेव्हा ती एकाहत्तर वर्षांची होती. मोडल्यावर फोटो काढला. आधी कधी मोजून घ्यावे हे आम्हांला कोणी सुचवले नाही, आणि आमचे आम्हांलाही सुचले नाही.