इंटरनेटवरची पाटी कोणाच्या नावावर?

गाळा भाड्याने घेताना आपले व्यापारी बांधव रहदारी पाहतात, शेजार पाहतात आणि भाडेपावती कोणाच्या नावाने फाटते तेही पाहतात. शिकवणीचा वर्ग, संगणक संस्था किंवा शिवणकामाचे प्रशिक्षण केंद्र यांची पाटी इंटरनेटवर लावताना मात्र पुष्कळजण सारा व्यवहार संकेतस्थळ बनवणाऱ्यावर सोपवून मोकळे होतात. मोहने-आंबिवली पट्ट्यात एन.आर.सी.चा कारखाना २००९ मध्ये बंद पडला आणि कारखान्याच्या नोकरीचा भरवसा संपला. अशा ठिकाणी साठवलेल्या पुंजीवर संस्था उभी करणाऱ्याने नावाचा हा व्यवहार नीट समजून घ्यावा.

विक्री नव्हे, मुदतीचा हक्क

संकेतस्थळाच्या पत्त्याला डोमेन नाव म्हणतात. ते कायमचे विकत मिळत नाही. एक ते दहा वर्षांच्या मुदतीने नोंदवावे लागते आणि मुदत संपण्यापूर्वी पैसे भरून नूतनीकरण करावे लागते. जो प्रथम नोंदवील त्याला नाव मिळते.

मोहने कसे लिहाल?

नाव बहुधा रोमन लिपीत नोंदवले जाते आणि तिथेच घोळ होतो. मोहने हे नाव कोणी एम-ओ-एच-ओ-एन-ई असे लिहितो, तर कोणी चौथ्या अक्षराच्या जागी ए घालतो. ‘तालीम’मध्ये दोन ई की एक आय? ‘इल्म’ आयने सुरू करायचे की ईने? पालक ऐकलेले नाव स्वतःच्या अंदाजाने लिहितात. म्हणून नाव पक्के करण्यापूर्वी ओळखीच्या पाच-सहा जणांना ते फोनवर सांगावे आणि लिहून दाखवायला सांगावे. निम्मे चुकले तर दुसरे नाव शोधावे. फारच आवडले असेल तर दोन्ही स्पेलिंगे नोंदवून एकाच संकेतस्थळाला जोडावीत. मधली आडवी रेघ आणि आकडे टाळावेत. उद्या शहाड किंवा टिटवाळ्याला शाखा काढायची असेल तर नावात गावाचे नाव घालावे का, याचाही विचार व्हावा.

देवनागरीतील ‘डॉट भारत’ २०१४ पासून उपलब्ध आहे. मराठी वाचणाऱ्या पालकांसाठी ती दुसरी पाटी म्हणून चांगली. मुख्य पत्ता मात्र ‘डॉट कॉम’ किंवा ‘डॉट इन’ ठेवणे सोयीचे. ‘एसी डॉट इन’ हे शेपूट मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थांसाठी राखलेले आहे, तर ‘डॉट एज्यु’ची नवी नोंद २००१ पासून अमेरिकेतील मान्यतेच्या संस्थांनाच मिळते. खाजगी क्लासला ते मिळवून देतो म्हणणाऱ्यापासून सावध राहावे.

एका अक्षराचा खटला

मुंबईच्या रेडिफ कंपनीच्या नावातील एकच अक्षर बदलून दुसऱ्या एका व्यावसायिकाने ‘रॅडिफ डॉट कॉम’ नोंदवले. १९९९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याला मनाई केली. डोमेन नाव हा नुसता पत्ता नाही, त्याला व्यापारचिन्हासारखे संरक्षण मिळाले पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले. २००४ मध्ये सिफीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही हेच तत्त्व उचलून धरले. तेव्हा प्रसिद्ध संस्थेच्या नावाजवळ जाणारे नाव घेऊ नये. पाटी उतरवावी लागते आणि कोर्टाचा खर्च वेगळा.

अगदी सर्वसाधारण शब्दावर हक्क सांगणेही कठीण जाते. ‘शादी’ या शब्दावरून झालेल्या एका दाव्यात २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने अंतरिम मनाई नाकारली, कारण शब्द वर्णनात्मक होता. ‘बेस्ट क्लासेस’ हे नाव उद्या शेजाऱ्यानेही लावले तर त्याला अडवणे असेच अवघड. वेगळे नाव घ्यावे आणि जमल्यास व्यापारचिन्ह म्हणूनही नोंदवावे. शिक्षणसेवा वर्ग ४१ मध्ये येतात.

पावती आपल्याच नावाची

सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही. नोंदणीत धारक म्हणून संस्थेच्या मालकाचे किंवा संस्थेचे नाव हवे. ईमेल व मोबाइल क्रमांक आपले हवेत आणि खात्याचा पासवर्डही आपल्या हाती हवा. बनवणाऱ्याने स्वतःच्या नावावर नोंद केली असेल, तर त्याच्याशी बिनसल्यावर किंवा तो धंदा सोडून गेल्यावर आपले नाव सोडवून घेणे महाकठीण होते.

मुदत चुकल्यास संकेतस्थळ आणि त्यावरचे ईमेल दोन्ही बंद पडू शकतात. ‘डॉट कॉम’ नाव रद्द झाल्यावर ३० दिवस ते परत मिळवता येते, पण त्यासाठी बहुधा जादा रक्कम मोजावी लागते. पुढे ते कोणीही घेऊ शकतो. ऐन जूनमध्ये प्रवेश चालू असताना असे झाले तर वर्षाची कमाई बुडते. नूतनीकरणाची तारीख दुकानाच्या कॅलेंडरवर लिहावी, किंवा सुरुवातीलाच तीन-चार वर्षांचे पैसे भरावेत.

आणि क्रम चुकवू नये. आधी नाव नोंदवावे, पावती फायलीत लावावी, मगच पत्रके छापखान्यात द्यावीत आणि पेंटरला पाटी सांगावी.