सात म्हणजे सात

टेबलावर कॉफीचा मग आहे. वीस बाजूंचा फासा घरंगळत जातो आणि नेमका त्या मगाच्या आड थांबतो. टाकणारीला आकडा दिसतो: सात. बाकीच्या चौघांना दिसत नाही. दरीवरून उडी मारायला पंधरा तरी हवे होते. समजा, हे अमेरिकेतल्या एखाद्या चर्चचं तळघर आहे आणि शुक्रवारची रात्र आहे. चौघं श्वास रोखून तिच्या तोंडाकडे बघतायत आणि खरं काय ते फक्त तिलाच ठाऊक आहे.

मला या क्षणाचं फार अप्रूप वाटतं. कारण गेले दोन तास याच बाईने धडधडीत खोटं बोलत खेळ रंगवलाय. तिचं पात्र चोराचं. त्या चोराने पहारेकऱ्याला थापा मारल्या, सराफाच्या गळ्यात नकली हिरा मारला आणि टेबलावरच्या सगळ्यांनी हसून दाद दिली. आता मात्र तिने 'सात'च्या जागी 'सतरा' म्हटलं, तर तो खोटेपणा ठरेल. एकाच तोंडून निघालेल्या दोन खोट्यांत एवढं अंतर कुठून आलं?

आधी खेळ समजून घेऊ. 1974 साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, लेक जिनिव्हा नावाच्या गावातून 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' बाजारात आला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. या खेळाला पट लागतोच असं नाही आणि यात कुणी जिंकत नाही. एक जण गेम मास्टर होतो: तो जग उभं करतो, त्यातले राक्षस, राजे, दुकानदार सगळे तोच. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि 'मी दार ढकलते', 'मी ओरडतो' असं सांगत गोष्ट पुढे नेतात. जिथे यश अनिश्चित, तिथे फासा. वीस समान त्रिकोणांनी बनलेली ही आकृती ग्रीकांना ठाऊक असलेल्या पाच सुसम घनाकृतींपैकी एक. प्रत्येक बाजू वर येण्याची शक्यता बरोबर पाच टक्के. सुरुवातीला असे फासे मिळतच नव्हते, तेव्हा ते शाळांना गणिताची साधनं पुरवणाऱ्या कंपनीकडून मागवले गेले.

म्हणजे त्या खोलीत बाकी सगळं बोलण्यातून तयार होतं. दरी, दोर, ड्रॅगन, सगळं शब्दांचं. कुणाच्याही इच्छेला न जुमानणारी एकच वस्तू तिथे आहे, ती म्हणजे तो फासा.

गॅरी ॲलन फाइन नावाच्या समाजशास्त्रज्ञाने अशा खेळाडूंमध्ये बसून 1983 साली 'शेअर्ड फँटसी' हे पुस्तक लिहिलं. त्यात त्याने दाखवलं की टेबलावर बसलेला प्रत्येक जण एकाच वेळी तीन थरांवर वावरतो: घरदार असलेला माणूस, नियम पाळणारा खेळाडू आणि गोष्टीतलं पात्र. चोराची थाप तिसऱ्या थरावरची. ती थाप आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून कुणी फसत नाही. संत ऑगस्टीनने इ.स. 395 च्या सुमारास असत्यावर एक अख्खा ग्रंथ लिहिला. असत्याच्या बाबतीत तो कमालीचा कडक, पण आरंभीच त्याने थट्टामस्करी बाजूला काढून ठेवली. बोलणाऱ्याच्या सुरावरूनच कळतं की इथे फसवायचा हेतू नाही. 'सतरा' मात्र दुसऱ्या थरावरचं बोलणं आहे. ते ऐकणारे खरंच विश्वास ठेवतात.

फाइनला हेही आढळलं की या खेळात फाशाचा आकडा फिरवून सांगणं सर्रास चालतं आणि त्याबद्दल कुणी फारसं कुणाला धरत नाही. चर्चच्या तळघरातला तो ख्रिस्ती गट इथे वेगळा होऊ पाहतो. ती बाई 'सात' म्हणते. चोर कड्यावरून घसरतो, एका मुळाला लटकतो, आणि आता चौघांना दोर सोडायचा आहे. सतरा म्हटलं असतं तर ही गोष्टच घडली नसती.

असे ख्रिस्ती गट असतील यावर एकेकाळी कुणी विश्वास ठेवला नसता. 1980 च्या दशकात अमेरिकेत हा खेळ म्हणजे सैतानाचं दार, अशी भीती पसरली होती. त्याविरुद्ध संघटना निघाली. जॅक चिक यांनी 'डार्क डन्जन्स' ही चित्रपुस्तिका काढली, ती 1984 मध्ये. आणि नेमक्या त्याच वर्षी डिक वुल्फ यांनी 'ड्रॅगनरेड' हा ख्रिस्ती खेळ आणला. त्यात पात्राची ताकद मोजायची ती प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता अशा, पौलाने गलतीकरांना लिहिलेल्या पत्रातल्या, आत्म्याच्या फळांनी. मंत्रांऐवजी बायबलची वचनं. वचनाचा परिणाम हवा असेल तर खेळाडूने ते स्वतः, तोंडपाठ म्हणून दाखवायचं. ही युक्ती मला विलक्षण वाटते: इथे पात्राचं बळ थेट माणसाच्या पाठांतरातून येतं, मग थाप मारायची कुठे?

सगळ्यात नाजूक जागा गेम मास्टरची. गल्ली क्रिकेटमध्ये बॅटिंग करणाऱ्यांचाच एक जण अंपायर होतो, तेव्हा काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. इथे तर अंपायरच बोलिंगही करतो. त्याच्यासमोर पुठ्ठ्याचा आडोसा असतो, त्याआड तो फासे टाकतो, आणि एखाद्याचं पात्र मरायला आलं की दयेपोटी आकडा गुपचूप बदलण्याचा मोह त्याला होतो. यावर पिढ्यान्‌पिढ्या वाद चाललाय. माझं मत सरळ आहे. मास्टर आकडे बदलू शकतो असं पहिल्या बैठकीत सगळ्यांनी मिळून ठरवलं असेल, तर तो खेळाचा नियम झाला. ठरवलं नसेल, तर आडोसा काढावा आणि फासा सगळ्यांसमोर टाकावा.

दुसरा रडीचा डाव खेळाडूंकडून येतो. एक जण झोपलेल्या सोबत्यांच्या पिशव्या साफ करतो आणि कुणी हटकलं की म्हणतो, 'मी काय करणार, माझं पात्रच तसं आहे.' पण पात्र निवडलं कुणी? चोराने सराफाला लुटलं तर गोष्ट रंगते, कारण सराफ नावाचं माणूस टेबलावर बसलेलं नाही. सोबत्याला लुटलं तर समोर बसलेल्या जिवंत माणसाची शुक्रवारची संध्याकाळ लुटली जाते.

आणि आता करिंथ. मला खरं तर यासाठीच हे सगळं लिहायचं होतं.

इ.स. 55 च्या सुमारास ग्रीसमधल्या करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीत मटणावरून भांडण होतं. देवळात अर्पण झालेलं मांस बाजारात विकायला येई. मूर्तीला दाखवलेला हा नैवेद्य ख्रिस्ती माणसाने खावा का? मराठी ख्रिस्ती घरांना हा प्रश्न परका नाही, शेजारून प्रसाद आला की तो आजही दारात उभा राहतो. करिंथमधल्या जाणत्यांचं म्हणणं होतं, मूर्ती म्हणजे काहीच नाही, मग मांसाला काय बाधा? त्यांना लिहिलेल्या पत्रात पौल हे तर्कशास्त्र मान्य करतो. बाजारात मिळेल ते चौकशी न करता खा, असंही सांगतो. पण पंगतीत कुणी म्हणालं की हे अर्पण केलेलं आहे, तर खाऊ नका, आणि ते तुमच्या मनासाठी नव्हे, त्याच्या मनासाठी. वादात बरोबर असलेल्यानेच हात आवरता घ्यायचा! रोमकरांना लिहिताना त्याने दुसरी बाजूही बांधून घेतली: न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोषी ठरवायचं नाही.

आता टेबलाकडे या. एखादा नवा मुलगा अशा घरातून आलाय की जिथे भुतंखेतं ही थट्टेची बाब नाही. गोष्टीत मांत्रिक पिशाच्चाला बोलावू लागतो आणि मुलगा गप्प होतो. बाकीच्यांना पक्कं ठाऊक आहे की हे शब्दांचं पिशाच्च आहे, त्यात काहीच नाही. पुढे खेळाडूंनी यासाठी साधनं काढली. रॉन एडवर्ड्स यांनी रेषा आणि पडदा अशी कल्पना मांडली: काही गोष्टी खेळात येणारच नाहीत, काही आल्या तरी पडद्याआड राहतील. जॉन स्टाव्रोपूलोस यांनी तर टेबलावर फुलीचं एक कार्ड ठेवलं. नको असलेलं काही आलं की कार्डाला बोट लावायचं, प्रसंग तिथेच बदलतो, आणि कारण सांगावं लागत नाही. या कल्पना चर्चमधून आलेल्या नाहीत. तरीही त्या वाचताना मला करिंथची पंगत दिसते: एक जण नको म्हणतो, बाकीचे पान सरकवतात.

तंटा वाढलाच, तर मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूने पायऱ्या घालून दिल्यात. आधी एकट्याला गाठून बोलायचं, मग एकदोघांना बरोबर घेऊन, आणि मंडळीसमोर अगदी शेवटी. म्हणजे लबाडी दिसली तरी टेबलावर पाणउतारा नाही. बोलायचं ते नंतर, कॉफीचा मग विसळताना.

राहिला फासा. बायबलमध्ये त्याचं काम चिठ्ठ्या करतात. येशूला क्रुसावर दिल्यावर रोमन शिपायांनी त्याच्या कपड्यांसाठी चिठ्ठ्या टाकल्या. त्यानंतर सुमारे सात आठवड्यांत त्याच्या शिष्यांनीही चिठ्ठ्या टाकल्या. येशूला धरून देणाऱ्या यहूदाची शिष्यांमधली जागा रिकामी झाली होती आणि दोन माणसं उभी केली गेली: मत्थिया आणि युस्त म्हटलेला योसेफ. दोघंही पहिल्यापासून येशूबरोबर होते, तशी अटच होती. प्रार्थना झाली, चिठ्ठी मत्थियाची निघाली. बायबलमध्ये यानंतर कुणी चिठ्ठ्या टाकल्याचं येत नाही. या युस्ताचा उल्लेखही पुन्हा येत नाही. लगेच पुढे पन्नासाव्या दिवसाच्या सणाची हकिकत सुरू होते, आणि सगळे एका ठिकाणी जमलेले असतात. मला वाटतं, युस्तही तिथेच बसलेला होता.