पुण्यातील प्लेग (१८९७) : सक्तीचे उपाय आणि लोकविश्वासाचा प्रश्न

प्रस्तावना

साथीच्या रोगांचा अभ्यास वैद्यकशास्त्राबरोबरच इतिहास, समाजशास्त्र आणि विधिशास्त्र या विद्याशाखांनाही करावा लागतो. रोगजंतू शरीरात कसा शिरतो हे प्रयोगशाळा सांगू शकते. परंतु घरचे लोक रुग्णाला दवाखान्यात नेतात की लपवून ठेवतात, याचे उत्तर समाजातच शोधावे लागते. पुणे शहरातील १८९७ च्या प्लेगचे वर्णन बहुधा रँडच्या वधाची पार्श्वभूमी म्हणून केले जाते. प्रस्तुत लेखात त्याचा विचार एक साथ म्हणून केला असून, सक्तीच्या उपायांमुळे रोगाविषयीची माहितीच कशी झाकली गेली, हे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

साथीचे आगमन आणि शासकीय उपाय

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. भयभीत लोक मुंबई सोडू लागले आणि काही महिन्यांतच रोग पुण्यात पसरला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग अधिनियम संमत झाला. अवघ्या चार कलमांच्या या कायद्याने शासनाला आवश्यक वाटेल तो उपाय योजण्याचा अधिकार दिला, आज्ञाभंगासाठी शिक्षा ठेवली आणि सद्हेतूने काम करणाऱ्या अधिकाऱ्यांना न्यायालयीन कारवाईपासून संरक्षण दिले. नागरिकांनी तक्रार कोठे करावी, याची तरतूद मात्र त्यात नव्हती.

मार्च १८९७ मध्ये वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या अध्यक्षतेखाली पुण्यात विशेष प्लेग समितीचे काम सुरू झाले. घरझडतीसाठी गोरे सैनिक नेमण्यात आले. रुग्णाला इस्पितळात व त्याच्या कुटुंबीयांना विलगीकरणाच्या छावणीत हलवणे, घरातील वस्तू जाळणे, जमीन उकरणे, चुना मारणे असे उपाय योजले गेले. देवघरात व स्वयंपाकघरात सैनिक शिरतात, स्त्रियांच्या मर्यादेचा विचार होत नाही, अशा तक्रारी सर्वत्र होऊ लागल्या.

शास्त्रीय ज्ञानाची मर्यादा

प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँग येथे अलेक्झांडर येर्सिन यांनी शोधला होता. पण तो पसरतो कसा, हे १८९७ मध्ये निश्चित झालेले नव्हते. उंदरावरील पिसू हा दुवा पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये दाखवला. १९०५ पासून मुंबईत झालेल्या प्लेग संशोधन आयोगाच्या प्रयोगांनंतर तो सर्वमान्य झाला. उंदीर मेला की पिसवा त्याचे थंड पडलेले शरीर सोडून दुसरा आश्रय शोधतात आणि माणसाला चावतात. गाठीचा प्लेग एका माणसाकडून दुसऱ्याकडे सहसा थेट जात नाही. फुप्फुसाच्या प्लेगचा प्रसार मात्र श्वासावाटे होतो. म्हणजेच बहुतांश प्रसंगी धोका रुग्णापेक्षा उंदीर व पिसवांपासून अधिक होता. घरात उंदीर पडू लागले की घर सोडावे, हा लोकांचा अनुभवसिद्ध समज रोगाच्या खऱ्या कारणाच्या अधिक जवळचा होता. समितीचा मुख्य रोख मात्र रुग्णाचा शोध आणि घराची शुद्धी यांवर राहिला.

रोग लपवण्यामागील कारणे

रोग लपवण्याचे खापर बहुधा अज्ञानावर फोडले जाते. तथापि, त्या काळातील कुटुंबाची स्थिती पाहता हे स्पष्टीकरण अपुरे ठरते. प्रतिजैविके पुढे १९४० च्या दशकात आली. १८९७ मध्ये प्लेगवर गुणकारी औषध नव्हते. उपचार न मिळाल्यास गाठीच्या प्लेगमध्ये ३० ते ६० टक्के रुग्ण दगावतात. रोग कळवल्यास आजारी माणूस दुरावणार, सामान जळणार, कुटुंब छावणीत जाणार आणि त्या बदल्यात बरे होण्याची हमी नाही, असा हा व्यवहार होता. अशा वेळी मौन बाळगणे हे अनेकांना शहाणपणाचे वाटले असल्यास नवल नाही. त्यामुळे त्या काळातील रुग्णसंख्या वाचताना अभ्यासकाने लक्षात ठेवले पाहिजे की, ती झालेल्या रोगाची नव्हे, तर उघडकीस आलेल्या रोगाची संख्या आहे.

हीच अडचण अत्याचारांच्या नोंदींबाबतही आली. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १८९७ मध्ये इंग्लंडमध्ये, पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे, सैनिकांवर गंभीर आरोप केले. परतल्यावर पुराव्यासाठी कोणी पुढे येईना, तेव्हा त्यांना जाहीर माफी मागावी लागली. पुरावा मिळाला नाही म्हणून घटना घडलीच नाही असे म्हणता येत नाही. आणि घडली असेही सिद्ध होत नाही. भयाच्या वातावरणात दोन्ही प्रकारचे सत्य झाकले जाते.

२२ जून १८९७ रोजी गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या. लेफ्टनंट आयर्स्ट तेथेच मरण पावले. रँड यांचा मृत्यू ३ जुलैला झाला. मार्च १८९८ मध्ये मुंबईतही प्लेगच्या उपायांवरून दंगल झाली. त्यानंतर शासनाला सक्ती हळूहळू सैल करावी लागली.

सेवेचे दुसरे उदाहरण

याच साथीत सावित्रीबाई फुले यांनी पुत्र डॉ. यशवंत यांच्यासह पुण्याजवळ रुग्णसेवा केली. मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तीतील एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर वाहून दवाखान्यात आणले. त्यांना स्वतःला लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. औषध त्यांच्याकडेही नव्हते. येथेही रुग्ण घराबाहेर नेला जात होता. फरक होता तो नेणाऱ्याविषयी वाटणाऱ्या विश्वासाचा.

समारोप

९ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रातील पहिले कोविड रुग्ण पुण्यातच आढळले आणि काही दिवसांत राज्यात १८९७ चाच अधिनियम लागू करण्यात आला. या वेळी विषाणूची ओळख पटवणारी राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था शहरातच होती. प्रयोगशाळेचे ज्ञान १२३ वर्षांत फार पुढे गेले होते. तरीही तपासणीसाठी येणारा माणूस स्वेच्छेने आला तरच नमुना मिळतो, ही गोष्ट बदललेली नव्हती. साथीच्या संशोधनात विश्वास हा केवळ नैतिक मुद्दा नसून माहिती मिळवण्याची ती पहिली अट आहे, हे पुण्याच्या प्लेगवरून स्पष्ट होते. म्हणूनच साथीच्या आकडेवारीचा अभ्यास करताना ती कोणी, कोणत्या अधिकाराने आणि लोकांच्या कोणत्या मनःस्थितीत गोळा केली, हेही तपासणे आवश्यक ठरते.