प्रवेश-अर्जातील राहून गेलेला रकाना

बारावीचा निकाल लागला, की महाविद्यालयांतून दाखल्यांचा हंगाम सुरू होतो. शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला, एखादे वर्ष मध्ये गेले असल्यास त्याचे प्रतिज्ञापत्र. यांपैकी एकही कागद कमी पडला तर प्रवेश अडतो. विद्यार्थ्याविषयी इतकी बारकाईने चौकशी करणारी ही व्यवस्था एक साधा प्रश्न मात्र सहसा विचारीत नाही. त्याला कोणकोणत्या लसी मिळाल्या आहेत?

हाच विद्यार्थी उच्च शिक्षणासाठी अमेरिकेस जायला निघाला, की चित्र पालटते. तेथील अनेक विद्यापीठे गोवर, गालगुंड व रुबेला यांवरील लसीच्या दोन मात्रांचा पुरावा मागतात. वसतिगृहात राहणाऱ्या नवागतांकडून काही ठिकाणी मेनिंगोकॉकल मेंदूज्वराच्या लसीचीही अपेक्षा असते. मग घरात बालपणीच्या लसीकरण-पत्रिकेचा शोध सुरू होतो. ती सापडली नाही, तर रक्ततपासणी करून घ्यावी लागते किंवा लस पुन्हा टोचून घ्यावी लागते.

लस ही तान्ह्या मुलांची बाब, हा समज आपल्याकडे खोल रुजलेला आहे. वस्तुतः राष्ट्रीय वेळापत्रकातच दहाव्या व सोळाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची मात्रा सांगितली आहे. शिवाय लसींची यादी काळानुसार वाढत गेली. गोवराची दुसरी मात्रा राष्ट्रीय कार्यक्रमात आली ती २०१० पासून. ‘ब’ प्रकारच्या काविळीची लस देशभर लागू झाली २०११ मध्ये. त्यापूर्वी जन्मलेल्या अनेकांना त्या बालपणी मिळाल्याच नसतील. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झालेल्या मोहिमेत पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना गोवर-रुबेलाची लस देण्यात आली. पण तेव्हा जो शाळेत गैरहजर राहिला, किंवा ज्याच्या पालकांनी संमती दिली नाही, तो सुटला तो सुटलाच.

ही उणीव क्षुल्लक नव्हे. गोवराच्या रुग्णाच्या निकट सहवासात आलेल्या, प्रतिकारशक्ती नसलेल्या दहा जणांपैकी नऊ जणांना तो जडू शकतो. एका खोलीत चार-चार खाटा, सामाईक भोजनगृह आणि खचाखच भरलेले वर्ग असलेल्या ठिकाणी त्याला आणखी काय हवे? रुबेला तरुणीला दोन दिवसांच्या अंगावरच्या पुरळावर सोडील. परंतु गरोदरपणाच्या आरंभी तो झाल्यास बाळाचे डोळे, कान आणि हृदय यांवर घाला घालतो. परिचर्या वा वैद्यक शिकणाऱ्यांना तर सुईच्या एका टोचण्यातून काविळीचा संसर्ग होऊ शकतो.

मग सक्ती करावी काय? २० ऑक्टोबर २०२१ रोजी राज्यातील महाविद्यालये पुन्हा उघडली, तेव्हा कोविड लसीच्या दोन्ही मात्रा घेतलेल्यांनाच वर्गात प्रवेश होता. पुढे २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला, की कोणावरही लस घेण्याची बळजबरी करता येणार नाही. मात्र सार्वजनिक आरोग्यासाठी शासन वाजवी व प्रमाणशीर निर्बंध घालू शकते. महासाथीच्या भरात जे क्षम्य ठरते, ते एरवीच्या दिवसांत ठरेलच असे नाही. त्यातही सक्तीचा पहिला फटका बसेल तो ऊसतोडणी कामगाराच्या मुलाला. आईबापांबरोबर दर हंगामात स्थलांतर केल्याने त्याच्या मात्रा चुकल्या आणि पत्रिकाही हरवली. ज्याच्यापर्यंत शासनाची लस पोचली नाही, त्यालाच तिच्या अभावी शिक्षणाचे दार बंद करणे हा दुहेरी अन्याय होईल.

परंतु विचारणे म्हणजे सक्ती नव्हे. प्रवेश-अर्जात एक रकाना असावा. ‘घेतली’, ‘घेतली नाही’, ‘ठाऊक नाही’ यांपैकी कोणतेही उत्तर दिले तरी प्रवेश अडू नये, आणि ते उत्तर गोपनीय राहावे. ज्यांची उत्तरे शेवटची दोन असतील, त्यांच्यासाठी जवळच्या आरोग्य केंद्राच्या साह्याने महाविद्यालयातच शिबिर भरवावे. प्रश्न उरतो खर्चाचा. राष्ट्रीय कार्यक्रमातील गोवर-रुबेलाची नियमित मोफत लस बालकांसाठी आहे. वय उलटलेल्या विद्यार्थ्याला बहुधा पदरमोड करावी लागते. अनेक महाविद्यालये शुल्काबरोबर वैद्यकीय तपासणीची रक्कम घेतातच. ती उंची-वजन नोंदवण्यापलीकडे उपयोगी पडावी, आणि कमी पडेल ते शासनाने द्यावे, ही मागणी अवाजवी नाही.

जुन्या पिढीतील प्राध्यापकांच्या दंडावर देवीच्या लसीचे व्रण आजही दिसतात. त्या रोगाचे जगातून उच्चाटन झाल्याचे १९८० मध्ये जाहीर झाले आणि नंतरच्या पिढ्यांना त्या व्रणाची गरजच उरली नाही. राष्ट्रीय सेवा योजनेतील विद्यार्थ्यांनीही पोलिओच्या मोहिमांत परक्यांच्या बाळांना थेंब पाजण्यास हातभार लावला. इतरांच्या मुलांसाठी राबणाऱ्या या तरुणांच्या स्वतःच्या लसींची नोंद त्यांच्या महाविद्यालयाकडे नसावी, ही विसंगती दूर करण्यास कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही. अर्जात एका ओळीची जागा केली, तरी आरंभ होईल.