नवतपातील ईद आणि फ्रीजमधील गोश्त

ईदची नमाज होते, गळाभेटी होतात, कुर्बानी होते. त्यानंतर वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, कुठल्याही मोहल्ल्यात जा, घरोघरी सारखेच दृश्य दिसते. पराती भरलेल्या, हिस्से लावणे सुरू, चुलीवर कलेजी शिजते आहे आणि फ्रीजचे दार दर दोन मिनिटांनी उघडते आहे. "आणखी एक पिशवी बसेल का?" हा त्या दुपारचा सर्वात मोठा प्रश्न असतो.

हा प्रश्न आता अधिक अवघड होणार आहे. चांद्रवर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे ईद-उल-अजहा दरवर्षी मागे सरकते. २०२३ मध्ये ती २९ जूनला होती, २०२४ मध्ये १७ जूनला, २०२५ मध्ये ७ जूनला. २०२६ ची ईद मेच्या अखेरीस, म्हणजे ऐन नवतपात येते आणि पुढची काही वर्षे ती मे महिन्यातच राहील. आपल्या वर्धा जिल्ह्यात तेव्हा पारा पंचेचाळीसच्या वर जाणे नवे नाही. जूनच्या पहिल्या पावसात खपून गेलेली हयगय मेच्या उन्हात खपणार नाही.

मटण खराब करणाऱ्या जंतूंना ऊब हवी असते. साधारण ५ ते ६० अंश सेल्सियस हा त्यांचा आवडता टप्पा. त्यात अनुकूल स्थिती मिळाली तर काही जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात. म्हणून नियम असा की कच्चे किंवा शिजलेले मटण दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये; हवा ३२ अंशांहून गरम असेल तर एकच तास. वास आला नाही म्हणजे मटण चांगले, असेही नाही. आजारी पाडणाऱ्या अनेक जंतूंचा वास येत नाही आणि काही जंतूंनी सोडलेले विष उकळूनही जात नाही. याचा पहिला त्रास घरातल्या लहानग्यांना, म्हाताऱ्यांना आणि गरोदर बायांना होतो.

मग करायचे काय? कुर्बानी शक्यतो सकाळी लवकर, सावलीत करावी. ताजे मटण उबदार असते. त्याचा ढीग लावला की ऊब आतच कोंडते. स्वच्छ परातींमध्ये पातळ पसरून, जाळीने झाकून पंख्याखाली ठेवावे आणि लगेच हिस्से लावावेत. धुतले असेल तर चाळणीत पाणी पूर्ण निथळू द्यावे. ओले मटण लवकर बिघडते.

पिशव्या अर्धा किलोच्या, एका वेळच्या हंडीपुरत्या करा. हवा काढून त्या चपट्या दाबा, म्हणजे मटण आतपर्यंत लवकर गोठते. दोन-तीन किलोचा गोळा बाहेरून दगड होतो, पण आत कितीतरी तास कोमट राहतो. पिशवीवर तारीख आणि "कीमा", "चाप", "पाये" असे लिहून ठेवा. पिशव्यांमध्ये थोडी फट राहू द्या. फ्रीज गच्च भरला की थंड हवा फिरत नाही. कच्चे मटण झाकणाच्या डब्यात, सर्वात खालच्या कप्प्यात ठेवा, म्हणजे त्याचे पाणी दुधा-दह्यावर गळणार नाही.

फ्रीजमध्ये ४ अंश किंवा त्याहून कमी आणि फ्रीझरमध्ये उणे १८ अंश तापमान हवे. फ्रीजमध्ये कलेजी, गुर्दे आणि कीमा एक-दोन दिवस, मटणाचे तुकडे तीन ते पाच दिवस, शिजवलेला सालन तीन-चार दिवस टिकतो. उणे १८ अंशांवर तुकडे कित्येक महिने चालतात. पण आपल्याकडे बहुतेक घरी एकाच दाराचा फ्रीज असतो आणि त्याच्या बर्फाच्या कप्प्यात इतकी थंडी क्वचितच टिकते. त्यामुळे आमच्या घरी हिशेब साधा आहे: ईदचे मटण मुहर्रमच्या खिचड्यापर्यंत संपवायचे. बरोबर एक महिना होतो. आणि ईदच्या दोन दिवस आधी कप्प्यात साचलेला बर्फ काढून टाकायचा.

गोठल्याने जंतू मरत नाहीत, फक्त झोपतात. म्हणून गोठलेले मटण ओट्यावर ठेवून वितळवू नका. रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात काढून ठेवा. घाई असेल तर बंद पिशवी थंड पाण्यात बुडवा, दर अर्ध्या तासाने पाणी बदला आणि लगेच शिजवा. बिर्याणी उरली तर अख्खी देग तशीच ठेवू नका. उथळ भांड्यांत पसरून निववा आणि मग फ्रीजमध्ये ठेवा.

राहिला विजेचा प्रश्न. आमच्याच घरी एका ईदच्या रात्री वीज गेली. "अजून थंड आहे ना?" म्हणत आम्ही रात्रभर फ्रीज उघडून बघत राहिलो आणि सकाळी बरेचसे मटण फेकावे लागले. शेजारच्यांनी दाराला हात लावला नव्हता, त्यांचे दगडासारखे राहिले. दार बंद ठेवले तर गच्च भरलेला डीप फ्रीझर सुमारे दोन दिवस आणि अर्धा भरलेला एक दिवस थंडी धरतो. खालचा फ्रीज मात्र चारच तास. बाहेरगावी जाणार असाल तर एका वाटीत पाणी गोठवून त्यावर नाणे ठेवा. परतल्यावर नाणे तळाशी गेलेले दिसले तर समजा, मधल्या काळात सारे वितळले होते.

साठवण आपल्या दीनला नवी नाही. कुर्बानीनंतरच्या "तश्रीक"च्या दिवसांचे नाव गोश्त उन्हात वाळवण्यावरून पडले, असे सांगतात. एका वर्षी गरजू लोक मदिनेत आले, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी गोश्त तीन दिवसांहून जास्त ठेवायला मनाई केली. पुढे ती मनाई उठवली आणि खाण्याची, खाऊ घालण्याची, साठवण्याचीही परवानगी दिली. मनाईचे कारण लक्षात ठेवण्यासारखे आहे: दाराशी भुकेला असताना घरात साठा नको.

आमच्या मोहल्ल्यात अशी काही घरे आहेत जिथे फ्रीज नाही. ईदच्या दुपारी त्यांच्याकडे पाच-सहा घरांतून हिस्से येतात आणि संध्याकाळपर्यंत निम्मे मटण त्यांच्या हातात खराब होते. आपण मात्र आपला वाटा आधी फ्रीजमध्ये लावतो आणि त्यांची पिशवी दुपारनंतर पाठवतो. हा क्रम उलटा करावा. त्यांचा हिस्सा सर्वात आधी, ताजा असतानाच पोहोचवावा. कुर्बानी तीन दिवस करता येते; म्हणून चार घरांनी आपसात ठरवून एकाने पहिल्या दिवशी, दुसऱ्याने दुसऱ्या, तिसऱ्याने तिसऱ्या दिवशी हिस्सा द्यावा. किंवा त्यांना विचारून त्यांची पिशवी आपल्या फ्रीजमध्ये ठेवावी, त्यांच्या नावाने, आणि लागेल तेव्हा द्यावी.

या ईदला फ्रीजमध्ये अशी एक पिशवी तरी असू द्या, जिच्यावर आपले नाव नसेल.